मुले आजोळी जातात तेव्हा



मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातली मुले आजोळी जातात. कुणी हरेगावला, कुणी संगमनेरला. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मग दोघेच उरतात. पहिल्या दिवशी बरे वाटते. तिसऱ्या दिवशी बोलायला विषय राहत नाही. मग प्रश्न पडतो : आपण केवळ आई-बाबाच उरलो आहोत का?

अपत्य ही दोघांची सामाईक ठेव असते आणि ती त्यांना बांधून ठेवते, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पती-पत्नी दुसऱ्या अध्यायात एकदेह होतात. काइन जन्माला येतो तो चौथ्या अध्यायात. वेदीसमोर वचन दिले जाते तेही एकमेकांना. म्हणूनच ज्यांना मूल नाही त्यांचाही विवाह उणा नसतो.

मग मूल दूर असताना दोघांनी आनंदात राहणे हा स्वार्थ आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. मुलाला फी आणि वह्या-पुस्तके लागतात, तसे एकमेकांवर प्रेम करणारे आईबापही लागतात. विवाहितांनी एकमेकांसाठी वेळ राखावा, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये आवर्जून सांगितले.

त्याला खर्च लागत नाही. संध्याकाळी सोमेश्वरकडे गोदाकाठी फेरी मारा. मुलाचे मार्क आणि घराचा हप्ता सोडून अर्धा तास बोला. रात्री दोघांनी मिळून रोजरी म्हणा.

पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद तुमच्या घरावर राहो.