गुरुदक्षिणा केव्हां द्यावी?

डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिन ५ सप्टेंबर हा १९६२ पासून आपल्याकडे शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. तो जवळ आला कीं घरोघरीं प्रश्न पडतो: बाईंना काय द्यावें? पेन द्यावें तर तीं त्यांच्यापाशीं डझनांनीं सांठलेलीं. साडी द्यावी तर फार होतें. कांहींच न द्यावें तर मुलाचें तोंड उतरतें. ही सारी चर्चा ‘काय’ या शब्दाभोंवतीं फिरते. आमच्या मतें खरा प्रश्न ‘केव्हां’ हा आहे.

मनुस्मृतींतील पुष्कळ वचनें आज कोणाही सुज्ञास मान्य होणार नाहींत, आम्हांसही नाहींत. परंतु तिच्या दुसऱ्या अध्यायांतील एक नियम मार्मिक आहे. समावर्तनापूर्वीं, म्हणजे विद्या पुरी करून घरीं परतण्यापूर्वीं, शिष्यानें गुरूला कांहीं देऊं नये. मग यथाशक्ति द्यावें. देण्याजोग्या वस्तूंत शेत, सोनें, गाय, घोडा यांच्याबरोबर छत्री, वहाणा, इतकेंच काय पण भाजीही सांगितली आहे! सोनें आणि भाजी एका पंक्तीला बसविणाऱ्यास दक्षिणेचें मोल बाजारभावानें ठरवावयाचें नव्हतें, हें उघड आहे.

आणि ‘आधीं नको’ कां? उत्तरपत्रिका ज्या हातीं आहे, त्याच हातांत वस्तु ठेवल्यास ती कितीही निर्मळ मनानें दिलेली असो, तिचें वजन पडतेंच. लोभी शिक्षकाची गोष्ट सोडा. खरी अडचण प्रामाणिक शिक्षकाची होते. भेट देणाऱ्या मुलाला त्याच्या गुणांनींच दोन गुण अधिक मिळाले तरी तो स्वतःविषयीं साशंक होतो. आणि मागच्या बाकावर जो मुलगा रिकाम्या हातानें आलेला असतो, तो त्या दिवशीं धड्यांत नसलेलें कांहीं शिकून घरीं जातो.

रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत कौत्साची कथा आहे. तुझी भक्ति हीच दक्षिणा, असें वरतंतूनें आधींच सांगितलें होतें. शिष्य हट्टास पेटला, तेव्हां गुरूनें रागावून चौदा विद्यांचे चौदा कोटि मागितले. रघूच्या औदार्यासाठीं ही कथा सांगतात. आम्हांस मात्र तींत शिष्याची ऋण फेडून मोकळें होण्याची घाई अधिक दिसते. आजच्या पुष्कळ पालकांची घाई याच जातीची आहे. याच कथेशीं आपल्याकडे दसऱ्याचें सोनें जोडलेलें आहे. आपट्याचें पान सर्वांचें सारखेंच; त्यापायीं झाडें ओरबाडलीं जातात, हा दोष सोडल्यास याहून समंजस भेट आम्हांस ठाऊक नाहीं.

मग वर्ष चालू असतांना मुलानें कांहींच करूं नये काय? चार ओळी लिहाव्या, पण स्वतःच्या. आई शेजारीं बसून शुद्धलेखन सुधारूं लागली कीं त्याही साडीच्याच मोलाच्या झाल्या. शाळा सुटल्यावर मात्र, पांच वर्षांनीं कां होईना, बाईंचें घर शोधीत जावें. आणि जातांना मेथीची जुडी नेली तरी चालेल.