पाहुण्याची मर्यादा

हेतू चांगला असला म्हणजे पाऊल आपोआप निर्दोष ठरते काय? नीतिशास्त्रात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु एखादे प्रत्यक्ष उदाहरण समोर असले म्हणजे विचार अधिक नेमका होतो. असे एक उदाहरण आम्हांला थेट उत्तर ध्रुवाच्या परिसरात आढळले. ते इतक्या दूरचे असले, तरी त्याचा आमच्या माण गावाशी संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नी-ऑलेसुंद नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथून उत्तर ध्रुव सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. या वस्तीत १ जुलै २००८ रोजी भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहते. आरंभी आपले शास्त्रज्ञ तेथे मुख्यतः उन्हाळ्यात जात. डिसेंबर २०२३ पासून ते ध्रुवीय रात्रीतही मुक्काम करू लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तेथे फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावरच पुन्हा क्षितिजावर येतो.

तेथील दिनक्रमात साहसकथा शोधणाऱ्याची निराशाच होईल. हवेतील सूक्ष्म कण टिपणारे गाळणकागद बदलावयाचे, बर्फाचे नमुने बाटल्यांत भरावयाचे, हिमनदीत रोवलेल्या काठ्यांची उघडी लांबी मोजून किती बर्फ वितळला ते नोंदवावयाचे, नावेतून खाडीत जाऊन निरनिराळ्या खोलीवरील पाण्याचे तापमान व खारटपणा पाहावयाचा. कोंग्सफियॉर्ड या खाडीत जुलै २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी 'इंडआर्क' ही पाण्याखालील वेधशाळाही उतरविली. आज जे मोजले तेच उद्या मोजावयाचे, आणि एकही दिवस गाळावयाचा नाही. ध्रुवावरील बर्फ आणि आपल्याकडील मोसमी पाऊस यांचे नाते उलगडावे, हा या खटाटोपामागील एक हेतू आहे. ज्या देशातील कोट्यवधी चुली पावसावर अवलंबून आहेत, त्या देशाने असा शोध घ्यावा हे योग्यच होय.

परंतु वाचकहो, हेतू इतका उदात्त असूनही तेथे कोणाला सूट मिळत नाही. दक्षिण ध्रुवाकडील सागरावरून हजारो किलोमीटर उडत आलेला आर्क्टिक सुरय पक्षी उन्हाळ्यात वस्तीतल्या वस्तीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर तो चोचीने झेप घेतो. त्याचे वजन जेमतेम शंभर ग्रॅम. पण वाट बदलावी लागते ती शास्त्रज्ञालाच. रेनडियर दाराशी चरत असला, तरी त्याला हुसकावीत नाहीत. हिमअस्वलाविषयीचे नियम तर फारच कडक आहेत. २०२५ पासून त्याच्यापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते. वस्तीबाहेर जाणाऱ्या गटाजवळ बंदूक असते, अस्वलाला भिववून परतविण्याची साधनेही असतात. गोळी मात्र प्राणावर बेतल्यावर, अगदी शेवटचा उपाय म्हणूनच झाडावयाची. अस्वल मारले गेलेच, तर शासनाला कळवावे लागते आणि रीतसर चौकशी होते.

ही शिस्त तेथे पहिल्यापासून होती असे नाही. सतराव्या शतकात शिकाऱ्यांनी त्या सागरातील व्हेल मासे जवळजवळ संपविले. शिकारीमुळे घटलेल्या रेनडियरला १९२५ मध्ये आणि हिमअस्वलाला १९७३ मध्ये संरक्षण मिळाले. नी-ऑलेसुंद ही तर मुळात कोळशाच्या खाणीची वस्ती. १९६२ च्या नोव्हेंबरात तेथील स्फोटात २१ कामगारांचा बळी गेला आणि पुढील वर्षी खाण बंद पडली. आजचे नियम अशा अनुभवांनंतरचे आहेत.

या नियमांतील तत्त्व आमच्या मते असे: समोरासमोर येण्याचा प्रसंग टाळण्याचे ओझे आत येणाऱ्यावर असते, आधीपासून राहणाऱ्यावर नव्हे. येणाऱ्याचे काम जितके मोलाचे, तितकी ही जबाबदारी त्याला सहज विसरता येते. कारण उदात्त कामाच्या नावाखाली आपले पाऊल कोठे पडते हे पाहण्याची गरज त्याला वाटेनाशी होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की मग माणसाच्या जिवाला मोल नाही काय? आहे, म्हणूनच बंदूक बरोबर दिली जाते. पण ती वापरण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी किती काळजी घेतली, असे नियम विचारतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वितळणारा बर्फ मोजावयास जाणारी विमाने व जहाजे तो बर्फ वितळविणारेच इंधन जाळतात. हे खरेच आहे. त्यामुळे ते ज्ञान त्याज्य ठरत नाही. मात्र ते फुकट मिळालेले नाही, याची जाणीव ते वापरणाऱ्या आपणा सर्वांना हवी.

आता माणकडे वळू. हिंजवडीला लागून असलेल्या या मुळशी तालुक्यातील गावाच्या शेतजमिनींवर माहिती-तंत्रज्ञानाच्या वसाहतीचा तिसरा टप्पा पसरला आणि मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा डेपोही आला. हेतू येथेही वाईट नाही. या उद्योगांमुळे सहस्रावधी घरांतील मुले शिकली. आमच्यापैकी पुष्कळ कुटुंबे चरितार्थासाठीच या पट्ट्यात आली. म्हणजे येथे पाहुणे आम्ही आहोत. यजमान म्हणजे जमिनी देणारी गावकरी मंडळी, आणि कोणत्याही सात-बाऱ्यावर जिचे नाव नाही ती टिटवीसुद्धा.

टिटवीही सुरय पक्ष्याप्रमाणे उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, बहुधा चार अंडी घालते आणि जवळ येणाऱ्यावर ओरडत झेपावते. तिने अंडी कोठे घातली यावरून जुनी माणसे पावसाचा अंदाज बांधीत. बांधकामाच्या यंत्राला तिचे ओरडणे ऐकू येत नाही, आणि तिच्या अंड्यांसाठी कोणी चौकशी मांडीत नाही. नी-ऑलेसुंद येथे नियम पाळावयास लावणारा कायदा समोर उभा असतो. येथे ते काम ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवावयाचे आहे.

बांधकामे थांबवा, असे आमचे म्हणणे नाही. माती उपसण्यापूर्वी जागेवरून कोणीतरी एकदा पायी फिरावे आणि घरटे दिसले तर तेवढा कोपरा तूर्त सोडावा. अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात. पिले बाहेर येताच चालू लागतात. चार आठवडे एक कोपरा राखून ठेवणे प्रत्येक कामात शक्य होईल, असे नाही. पण ते शक्य आहे काय, एवढे विचारण्याचे कष्ट तरी पाहुण्याने घ्यावेत.