बरं वाटतंय आणि पाहिजे

इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. नांदेडपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावातली मुलगी फोनवर होती. वडील शिवणकाम करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. सीईटीचा स्कोअर असा की मागच्या वर्षीचे कटऑफ पाहता पुण्याचं सीओईपी मिळायची चांगली शक्यता. आदल्या रात्री आम्ही दोघींनी मिळून यादी केली होती. एक नंबरला पुणे, मग मुंबई, मग सांगली, मग नांदेड. सकाळी तिचा मेसेज आला: "ताई, मी नांदेड वर घेतलं. मला तेच बरं वाटतंय."

पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. म्हणजे नांदेड वर गेलं आणि मिळालं, तर पुण्याचा विषय तिथेच संपला.

मी फोन लावला. तिला समजवायचं, असं ठरवूनच लावला होता. नंबर डायल होत असताना तो "बरं" शब्द डोक्यात अडकला. "आवडतंय" नाही, "पाहिजे" नाही, "बरं वाटतंय". मराठीत आपण "बरं" कधी म्हणतो? ताप उतरल्यावर. स्थळ फार चांगलं नाही पण वाईटही नाही, तेव्हा. परवडण्याला आवडणं म्हणायचं असतं, तेव्हाही.

आता पैशाचं पाहू. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. ही मुलगी ओबीसी. कागदावर तिच्यासाठी पुणे आणि नांदेड यांची किंमत सारखीच, शून्य. पण हॉस्टेल, मेस, प्रवास, लॅपटॉप हे त्या शून्यात येत नाही. बाहेरगावी राहायच्या खर्चासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेसारख्या योजना आहेत, पण अर्ज वेगळा, अटी वेगळ्या, आणि पैसे खात्यात येईपर्यंत मेसचं बिल कुणीतरी भरायचं असतं. "फुल" स्कॉलरशिप कधीच पूर्ण फुल नसते, हे गरीब घरातल्या मुलांना आपल्याआधी कळतं.

अशा फॉर्मबद्दल एक सुंदर गणित आहे. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली यांनी जागावाटपाची एक पद्धत मांडली. शेप्लींना 2012 मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयआयटी-एनआयटीची जोसा प्रवेशप्रक्रिया याच पद्धतीवर उभी आहे. या पद्धतीत विद्यार्थ्याने डाव टाकायची गरज नसते. खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणं हाच सगळ्यात चांगला डाव, हे पुढे सिद्धही झालं. आपल्या कॅपच्या फॉर्मबद्दलही जाणते लोक हेच सांगतात: कटऑफ बघून घाबरू नका, आवडीच्या क्रमाने लिहा.

पण गणित गृहीत धरतं की खरी पसंती आधीपासून मनात तयार आहे, फक्त खाली उतरवायची आहे. ती तिथे कशी आली, हे गणित विचारत नाही.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण आपण दुसऱ्याला चिडवायला वापरतो. तत्त्वज्ञ यॉन एल्स्टर यांनी 1983 च्या आपल्या पुस्तकाला याच गोष्टीवरून 'सावर ग्रेप्स' असं नाव दिलं. त्यांचा प्रश्न असा: जे मिळणार नाही ते नकोसं वाटायला लागणं हे मनात नकळत घडत असेल, तर त्या "नको"ला किती किंमत द्यायची? अमर्त्य सेन यांनीही हे वारंवार मांडलंय की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छा परिस्थितीच्या मापाने कापून घेतो, म्हणून तो समाधानी दिसतो यावरून त्याचं बरं चाललंय असं म्हणता येत नाही.

हे वाचलेल्या माणसाला मोह होतो. मलाही झाला. तिचं "बरं वाटतंय" हे खरं तिचं नाहीच, ते गरिबीचं बोलणं आहे, तेव्हा खोडून पुणे वर टाकू. चार वर्षांनी आभार मानेल.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, माझी पसंती तरी कुठून आली? मी पुण्यात वाढले. आमच्याकडे सीओईपीचं नाव घरातल्या माणसासारखं घेतलं जायचं. तिला तिथे ॲडमिशन मिळाली असती तर मी चार लोकांना सांगितलं असतं, स्टेटसही ठेवलं असतं. तिच्या इच्छेला परिस्थितीने आकार दिला, तसा माझ्या इच्छेलाही दिलाय. फक्त माझी परिस्थिती ऐसपैस होती. दुसरी अडचण, मी चुकले तर पहिल्या सेमिस्टरला हॉस्टेलच्या खोलीत रडत बसणार ती. मी नाही.

मग उलट टोक सोपं वाटतं. "तुझा निर्णय आहे, तुला हवं ते कर." ऐकायला आदराचं, पण बऱ्याचदा हे हात झटकणं असतं. शहरातली मुलगी "माझा निर्णय" म्हणते तेव्हा त्यामागे कॉलेज बघून आलेली असते, तिथे शिकलेला मामेभाऊ असतो, चुकलंच तर वर्ष वाया घालवायची ऐपत असते. हे काहीच नसलेल्या मुलीला "तूच ठरव" म्हणणं म्हणजे स्वातंत्र्य देणं नव्हे, एकटं सोडणं.

शेवटी आम्ही एक साधी गोष्ट केली. पुण्याला जायला नको का वाटतं, ते तिने एकेक करून सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चार गोष्टी निघाल्या. मेसचे पैसे. मुलींच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळेलच असं नाही. "तिकडे सगळ्या इंग्लिशच बोलतात ना?" आणि घरी आजी आहे, शुगरची, तिला इन्सुलिन ही मुलगीच देते.

यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या जातीची आहे. मेसचा हिशोब मांडता येतो, मांडला. हॉस्टेलची अडचण ही भीती नव्हती, वस्तुस्थिती होती. तिचं बरोबर होतं आणि मी ते यादी करताना धरलंच नव्हतं. इंग्लिशची भीती होती, ती माझ्या भाषणाने गेली नसती, म्हणून परभणीहून पुण्यात शिकायला आलेल्या एका मुलीशी तिचं बोलणं करून दिलं. त्या दोघी पाऊण तास काय बोलल्या, मला माहीत नाही.

राहिली आजी. इथे मी थांबले. इन्सुलिन द्यायला आई शिकेल, लहान भाऊ शिकेल, हे म्हणता येतं, आणि तिनेही त्याचा विचार केला होता. पण आजीजवळ राहावंसं वाटणं ही दुरुस्त करायची चूक नाही. घराची ओढ प्रत्येक वेळी आंबट द्राक्षं नसते. कुठली ओढ आहे आणि कुठली भीती, हे वेगळं करायला मी मदत करू शकते. वेगळं केल्यानंतर वजन तिने करायचं.

1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. करार कडक होता, पण लिहिलेला होता, दोन्ही बाजूंना दिसत होता. आमच्यासारखे लोक मदत करतात तेव्हा करार लिहिलेला नसतो. आमच्या मनात मात्र तो असतो: आम्ही सांगू तिथे जा, मोठी हो, आमची मदत फुकट गेली नाही असं आम्हाला वाटू दे.

संध्याकाळी तिचा फोन आला. फॉर्म भरला होता. पहिलं नांदेड, दुसरं पुणे. "मला नांदेडच पाहिजे, ताई," ती म्हणाली. सकाळचं "बरं वाटतंय" गेलं होतं. ती बरोबर आहे का, मला आजही सांगता येणार नाही.

मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्ही नाराज नाही ना? लॅपटॉपचं तुम्ही बोलला होता..."

मी "नाही गं" म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. आणि दिवसभर ती हे ओझं घेऊन यादी करत होती, हे मला तेव्हा कळलं. लॅपटॉप अर्थातच दिला. पण आता कुणाही मुलाबरोबर यादी करायला बसले की सुरुवातीलाच सांगते: जे काही ठरलं आहे ते तू कुठलंही कॉलेज घेतलंस तरी मिळेल. आता बोल.