मत नसलेला मतदार

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या. तशी सोय करून घेण्याचं प्रकरण 1957 साली मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली. पण ही रीत फोफावली तर एक दिवस लोकशाहीचाच गळा घोटेल, असंही निकालपत्रात बजावून ठेवलं.

कंपनीला मत नसतं. तरी तिचं म्हणणं आधी ऐकलं जातं, हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने गुहागरात पाहिलं आहे. अमेरिकी ऊर्जा कंपनी एनरॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी 1995 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं, की तिथला दाभोळ वीज प्रकल्प भारतीयांना समजावून देण्यावर आणि मार्गी लावण्यावर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाले. ही लाच नव्हे, असं कंपनीचं म्हणणं. असेल. त्याच वर्षी प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत शिवसेना-भाजप युती राज्यात सत्तेवर आली. तिने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्या अटींवर जिवंतही केला. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूर गावच्या बायकांना मात्र समजावत बसायला कोणाला सवड नव्हती. 1997 मध्ये त्यांच्या वाट्याला पोलिसांच्या लाठ्या आल्या.

पक्षांना निनावी देणग्या देण्यासाठीचे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवले, हे उत्तमच झालं. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला 501 रुपये देणाऱ्याचंही नाव फरशीवर कोरतात. इथे कोट्यवधी देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपवण्याची कायदेशीर सोय होती.

पण सगळं खापर दिल्लीवर फोडून आपली सुटका नाही. गणपतीला चाकरमान्यांसाठी फुकट गाड्या, वाडीच्या क्रिकेट स्पर्धेचा चषक, देवळापुढचा सभामंडप हे सगळं पुढाऱ्याकडे हक्काने मागताना पैसा कुठला, हे आपण विचारत नाही. विचारलं तर पुढच्या वर्षी गाडी येणार नाही, एवढा व्यवहार आपल्यालाही कळतो. मग निवडून आल्यावर तो देणगीदाराचा फोन आधी उचलतो, याचा राग कोणत्या तोंडाने करायचा?

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. म्हणजे लगाम आहे तो अर्ध्याच खर्चाला. पण त्या अर्ध्याचा हिशेब तरी कितीजण बघतात? निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि नियमानुसार एक रुपया फी भरून तो कोणालाही पाहता येतो. पुढच्या निवडणुकीनंतर एकदा जाऊन पाहा.