कुलूप, किल्ली आणि ठेव

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला कुलूप लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात डिस्क स्वतःच दार अडवून बसते. बायोसमधून लावलेला हा पासवर्ड डिस्कच्या आतच साठतो, त्यामुळे ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी तोच पासवर्ड मागते. पाच वेळा तो चुकला, की वीज तोडून पुन्हा दिल्याशिवाय ती सहावा प्रयत्न ऐकूनही घेत नाही. दुसरा मार्ग एन्क्रिप्शनचा. त्यात डिस्क कोणीही वाचू शकतो, पण मजकूर गणिताने असा कालवलेला असतो की किल्लीवाचून त्याचा अर्थ लागत नाही. दोन्ही मार्ग माणसाला एका जुन्या प्रश्नापाशी आणतात. जे एकालाच ठाऊक आहे ते कोणाचे असते, आणि तो जाणणारा गेल्यावर ते उरते का?

पहिल्या मार्गातली एक सोय या प्रश्नाचा एक पदर उलगडते. डिस्कला वापरणाऱ्याचा एक आणि ‘मास्टर’ असा दुसरा पासवर्ड देता येतो. सुरक्षेची पातळी ‘हाय’ असेल तर मास्टर पासवर्डनेही डिस्क उघडते. पातळी ‘मॅक्सिमम’ असेल तर मास्टर पासवर्डने डिस्क केवळ पुसता येते, आतले वाचता येत नाही. वस्तूवरचा हक्क आणि तिच्यातल्या मजकुरावरचा हक्क इथे वेगळे झाले आहेत. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप कार्यालयाचा असतो, ते तो परत घेऊ शकते, कोरा करू शकते. पण त्यात उमटलेले मन कार्यालयाचे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, तेव्हा माणसाच्या या आतल्या खोलीलाच मान्यता मिळाली.

एन्क्रिप्शनची रचना पेटीत पेटी अशी असते. पासवर्डने थेट मजकूर उघडत नाही. पासवर्डने एक किल्ली उघडते आणि त्या किल्लीने मजकूर. म्हणूनच पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क नव्याने लिहावी लागत नाही. पेटीत पेटी ठेवून अमोल वस्तू जपण्याचा असाच प्रकार वसई-विरारच्या मातीत फार पूर्वी झाला होता. नालासोपाऱ्यात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी म्हणजे विटांचा स्तूप आहे, हे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या उत्खननात दिसले. आत एक दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. एकेक आवरण उघडत सोन्यापर्यंत जावे आणि हाती खापर यावे! खापराला मोल होते ते त्याला ओळखणाऱ्यांच्या श्रद्धेचे.

त्या पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले, ते दुसऱ्या शतकातले. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ती पेटी उघडली असावी आणि आतले न नेता, उलट भर घालून, पुन्हा मिटली असावी. किल्ली योग्य हाती जाणे म्हणजे काय, याचे याहून नेमके चित्र नाही.

त्याच नालासोपाऱ्यात याची उलट बाजूही दिसते. अशोकाने आपले लेख सर्वांनी वाचावेत म्हणून उघड्या दगडावर कोरवले. आठव्या लेखाचा तुकडा इथे 1882 मध्ये मिळाला, नवव्याचा 1956 मध्ये जवळच्या भुईगावला. पण त्यांची ब्राह्मी लिपी वाचणारी परंपरा मधल्या शतकांत तुटली होती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडेपर्यंत अशोकाचे असे लेख डोळ्यांसमोर असून बंदच होते. कुणीही कुलूप लावले नव्हते, तरी किल्ली हरवली होती. जपणे म्हणजे लपवणे एवढेच नव्हे, हे तो दगड सांगतो. अर्थ पुढच्या हाती पोचला नाही, तर उघडी वस्तूही गुपित होऊन बसते.

गुपिताविषयी धर्मपरंपरांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत, आणि वसईत दोन्हींच्या खुणा आहेत. इथल्या कॅथलिक समाजात पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर मौनाचे बंधन असते. 1983 च्या चर्चच्या कायद्याचे 983 वे कलम ते अभंग ठरवते. कोणत्याही कारणाने, कोणत्याही रीतीने ते मोडता येत नाही. ऐकलेले धर्मगुरूबरोबरच संपते, त्याला वारस नसतो. दुसरे उत्तर बौद्ध परंपरेचे. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आपला शिष्य आनंद याला सांगतो, की शिकवणीतले काही मूठ आवळून मागे ठेवणारा आचार्य तो नाही. ज्ञान हे पुढे द्यायचे असते. ही उत्तरे एकमेकांना खोडत नाहीत. पहिले दुसऱ्याच्या मनाविषयी आहे, दुसरे सर्वांच्या हिताविषयी.

डिस्कवर दोन्ही प्रकारचा ऐवज शेजारी शेजारी पडलेला असतो. सकाळच्या विरार लोकलमध्ये पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये त्याचे एकट्याचे फारसे नसते. वकिलाकडे अशिलाचे कागद, डॉक्टरकडे रुग्णाचे अहवाल, हिशेबनिसाकडे दुकानदाराचे आकडे, घरातल्या कर्त्याकडे जमिनीचे सातबारे आणि विम्याची कागदपत्रे. यातले बहुतेक म्हणजे दुसऱ्यांची ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्यावर दोन कर्तव्ये येतात: ती परक्याच्या हाती पडू न देणे आणि हक्काच्या माणसाला वेळेवर मिळू देणे. पासवर्ड न लावणारा पहिल्यात चुकतो, पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवणारा दुसऱ्यात.

यंत्राने दोन्हींची सोय केलेली आहे. विंडोजमधली बिटलॉकर ही एन्क्रिप्शनची सोय 48 अंकांची रिकव्हरी की देते. ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे. ती कागदावर उतरवून, लखोटा बंद करून, घरातल्या कपाटात किंवा विश्वासाच्या माणसाकडे द्यावी. लिनक्सवरच्या लक्स पद्धतीत, तिच्या पहिल्या आवृत्तीतही, एकाच डिस्कसाठी आठ वेगवेगळे पासवर्ड ठेवता येतात. एक आपला, एक वारसाचा. डिस्कचे दोन भाग करून ठेवीला दुसरी किल्ली द्यावी आणि खासगी रोजनिशीला देऊ नये, हेही शक्य आहे. किल्ली नष्ट झाली की एन्क्रिप्ट केलेला मजकूर उरूनही नसल्यासारखा होतो. जे आपल्याबरोबरच संपावे त्याच्यासाठी हे योग्यच आहे. फक्त ते विसरल्यामुळे घडू नये, ठरवून घडावे.