स्मरणचित्र आणि सम्यक स्मृती



महामंगल सुत्तात उत्तम मंगल सांगताना तथागतांनी बहुश्रुततेच्या शेजारीच ‘सिप्प’ ठेवले आहे. सिप्प म्हणजे शिल्प, हातची विद्या. डोक्याची आणि हाताची विद्या त्यांनी एका पंक्तीत बसविली. जातिव्यवस्थेने नेमके उलटे केले. मडके घडविणारा, चामडे शिवणारा, दोर वळणारा हात तिने हलका ठरविला आणि पाटीपासून दूर ठेवला.

आता शाळेत या. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र असते. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. आपल्या वस्तीतील मुलगी काय काढते? वाड्यापुढची रांगोळी आणि तुळशीवृंदावन. तिच्या दारी ना वाडा, ना वृंदावन. पण गुण त्यालाच मिळतात अशी तिची समजूत! असा नियम कोठेही छापलेला नाही. वर्गातील नमुनाचित्रे पाहून तो मनात उतरतो. आठव म्हटल्यावर मूल दुसऱ्याचे घर आठवते, ही मनाची गुलामी नव्हे काय?

उसाच्या फडात मोळी बांधणारी आई, टँकरभोवतीच्या घागरी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे चाललेला पांढऱ्या वस्त्रांतील जनसागर, ही चित्रे नव्हेत काय?

अजिंठ्याच्या १० व्या लेण्यातील छद्दंत जातक पाहा. तेथे राणी आहे, तसा हस्तिदंत आणणारा शिकारीही आहे. धम्माच्या भिंतीवर दोघांनाही जागा मिळाली. मुंबईत १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. म्हणजे आधुनिक कलाशिक्षणानेही बौद्ध भिंतींपुढे बसूनच हात वळविला. तो वारसा ज्यांचा, त्यांच्याच मुलांनी कुंचल्याला परके का व्हावे?

शिक्षकांनो, फळ्यावर वस्तीचेही चित्र काढा. मातापित्यांनो, “चित्राने पोट भरते का?” असे म्हणून रंगपेटी हिसकावू नका. या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हेही ध्यानी घ्या. विहाराच्या वर्गणीतून दोन-चार रंगपेट्या आणा. रविवारी वंदनेनंतर मुलांना बसवा.

अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे. जे आहे ते जागेपणी, जसे आहे तसे पाहणे, ही तिची सुरुवात. आपल्या लेकराने आपले घर न लाजता कागदावर उतरविले, तर त्या कागदावर धम्म उतरला असे समजा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!