दिवा बारीक करताना

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या आमच्या घरी बाबांच्या खोलीतलं दिव्याचं बटण काढून तिथे डिमर बसवला. कारण साधंच होतं. औषधांमुळे बाबांना रात्री तीन-चारदा उठावं लागे. दिवा लावला की डोळ्यांना सहन व्हायचा नाही आणि न लावावा तर अंधारात पडायची भीती. झिरोचा दिवा त्यांना नको होता. त्या उजेडात इस्पितळात असल्यासारखं वाटतं, म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. वायरमन आला तेव्हा ते खाटेवरूनच देखरेख करत होते. आधी मेन बंद कर, मग टेस्टर लावून बघ. वायरमन प्रत्येक सूचनेला ‘हाँ बाबूजी’ म्हणत होता आणि स्वतःच्या पद्धतीनेच काम करत होता. बटणाच्या दोन वायरी डिमरला जोडल्या, इतकंच. पण लावल्याबरोबर आमचा नऊ वॉटचा एलईडी थरथरू लागला. बाबा हसले. साधा एलईडी यावर चालत नाही, डिमेबल लागतो. तो आणला आणि उजेड स्थिरावला.

डिमर नळासारखा असतो अशी माझी समजूत होती, वीज थोडी सोडायची, थोडी अडवायची. “नळ नव्हे, कात्री,” बाबा म्हणाले. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे 100 वेळा शून्याला स्पर्श करते. दर वेळी शून्यानंतर डिमर तिला जरा थोपवून धरतो आणि मग सोडून देतो. दिवा सेकंदाला 100 वेळा विझतो आणि लागतो. डोळ्याला तो तुटकपणा कळत नाही, त्याला फक्त मंद उजेड दिसतो. जुने पंख्याचे रेग्युलेटर वेगळे होते. त्या जाडजूड पेटीत रोधाची तार असायची आणि पंख्याला जे द्यायचं नाही त्यातलं बरंचसं तिथेच जळायचं. पंखा हळू फिरे आणि पेटी तापे. लहानपणी थंडीत मी तिला हात लावून बघत असे.

ती पेटी त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेली नाही. चार आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मला आणि दादाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, यातून बरं होणं नाही, काही महिने धरून चाला. दादा लगेच म्हणाला, बाबांना सांगायचं नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत हे इतकं गृहीत असतं की डॉक्टरही विचारत नाहीत. बाबांना आम्ही सांगितलं: “यकृतात गाठ आहे, औषधं चालू आहेत, अशक्तपणा वाटेल.” यातला शब्दन् शब्द खरा होता. वाक्य मीच तयार केलं होतं. भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. मुळातलं किती पलीकडे न्यायचं आणि किती अलीकडेच ठेवायचं हे मी रोज ठरवते, आणि त्याबद्दल मला मानधन मिळतं.

खोटं बोलले नाही, एवढंच मी स्वतःला सांगत होते. कान्टने 1797च्या निबंधात घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारणाऱ्या मारेकऱ्याशीही खोटं बोलायला मनाई केली आहे. पण 1766 साली मेंडेल्सोनला लिहिलेल्या पत्रात तोच म्हणतो की मनात असलेलं बरंच काही बोलायचं धैर्य मला कधीच होणार नाही, मात्र मनात नसलेलं मी कधी बोलणार नाही. या पत्राचा मी परवान्यासारखा वापर करत होते. त्यातला घोटाळा उशिरा लक्षात आला. कान्ट बोलत होता ते स्वतःच्या मनातल्या गोष्टींबद्दल. बाबांच्या यकृतातली गोष्ट बाबांची होती.

युधिष्ठिरानेही ‘हत्ती’ हा शब्द गाळला नव्हता, फक्त अस्पष्ट उच्चारला होता. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. शब्द खरा होता, आवाज बारीक केलेला होता.

‘बारीक’ हा शब्द मला फार आवडतो. कंदिलाची वात बारीक करतात, रेडिओही बारीक करतात. शेजारच्या काकी मात्र देवापुढचा दिवा विझवताना ‘दीया बढ़ा दो’ म्हणतात, आणि आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. हे तर सरळ उलटं बोलणं झालं. तरी त्यात कुणी फसत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. माझं वाक्य अक्षरशः खरं होतं आणि ते फसवण्यासाठीच केलेलं होतं.

फसवलं गेलं का, हाही प्रश्नच. अंधाराला डोळा सरावला की त्याला बरंच दिसू लागतं. दाराबाहेरची कुजबुज, दादाचे पुण्याहून रोज येणारे फोन, पथ्य एकाएकी सैल होणं, हे बाबा बघत होतेच.

डिमर दाराजवळच्या बोर्डावर होता. रात्री निघताना मी तो माझ्या अंदाजाने लावून जात असे. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, “हे इकडे खाटेशी आणून दे.”

“मी लावते ना बरोबर.”

“तुझ्या डोळ्यांना बरोबर लावतेस गं.”

वायरमनला पुन्हा बोलावलं. भिंत फोडायची नव्हती, म्हणून प्लास्टिकची पांढरी पट्टी आडवी ठोकून वायर खाटेपर्यंत आणली. दिसायला वाईट दिसत होतं. त्या रात्री मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “रिपोर्टबद्दल तुम्हाला काही विचारायचंय का?”

त्यांनी सगळं विचारलं नाही. त्या रात्री एकच विचारलं, पुढे दुखेल का? दोन दिवसांनी विचारलं, आंब्यांपर्यंत? मी म्हणाले, बहुधा नाही. त्यानंतर आठवडाभर त्या विषयावर शब्द नाही, आणि मीही काढला नाही. एकदा मी आपणहून काही सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. आज नको. कुणाला काहीच जाणून घ्यायचं नसेल तर तेही चालावं, असं मला वाटतं, फक्त ‘नको’ त्याने म्हणायला हवं.

दादाला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, कळल्यापासून बाबांची झोप गेली. ते खरं आहे. मी शेजारच्याच खोलीत होते. दाराखालची उजेडाची रेघ रात्री दोनला जाड व्हायची, मग हळूहळू बारीक, मग पुन्हा जाड. न सांगते तर ते शांत झोपले असते का, हे मला सांगता येत नाही, दादालाही नाही. तो फोनवर हे बोलतो तेव्हा मी ऐकून घेते.

बाबा फाल्गुनात गेले. आता घराला रंग द्यायचा आहे. दादा म्हणतो, ती पट्टी काढून डिमर परत दाराशी घे, बोर्ड नीट दिसेल. रंगारी सोमवारी येणार आहे. मी अजून काही कळवलेलं नाही.